कौल : लावायचा, घ्यायचा, मागायचा की द्यायचा?

प्रश्न : कोकणातल्या देवस्थानांबद्दल वाचताना कौलाचे, म्हणजे देवाला प्रश्न विचारून मिळवलेल्या होकार-नकाराचे, 'कौल लावला', 'घेतला', 'मागितला', 'दिला' असे चार प्रयोग भेटतात. चारही एकच का? 'कौल पाहिला' म्हटलं तर चालेल का?

प्रतिसाद १ : एकच नाहीत. क्रियापदावरून माणूस ओळखता येतो. लावतो तो गुरव, मागतो आणि घेतो तो प्रश्न घेऊन आलेला, देतो तो देव. म्हणून 'गुरवाने कौल दिला' हे चूकच. त्यात गुरवाचं मत नसतं, नसावंही. 'पाहणे' हे पत्रिका, हात, शकुन यांच्यासाठी. कौल कोणी पाहत नाही.

कृती कळली की शब्द आपोआप जागेवर बसतात. पाषाणाची मूर्ती ओली करायची, तिच्यावर दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर भिजवलेल्या पाकळ्या, पानं किंवा तांदळाचे दाणे चिकटवायचे. संख्या आणि जागा देवळागणिक वेगळ्या. मग गाऱ्हाणं घालायचं, आणि त्यातच अट बोलायची : 'हे काम होणार असेल तर उजवा दे.' उजवा म्हणजे देवाचा उजवा. समोर उभ्या माणसाला तो डावीकडे दिसतो. नवख्यांचा घोटाळा इथेच होतो. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

प्रतिसाद २ : अटीबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण कौल बिघडतो तो बहुधा प्रश्नामुळे. 'जमीन विकू का आणि मुंबईला जाऊ का' हे दोन प्रश्न आहेत. उजवा पडला तर तो कशाला, हे ठरवता येत नाही. 'कधी' आणि 'किती' यांनाही कौल नाही. तारीख हवी असेल तर एकेक दिवस सुचवून विचारावं लागतं. दुसरी अडचण पाण्याची. मूर्ती फार ओली असेल तर पाकळी लावताक्षणी घसरते, कमी ओली असेल तर सुकून चिकटून बसते. आणि मनासारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावून घेणं हा कौल नव्हे. गुरवाने तिथे ठामपणे थांबवायला हवं.

प्रतिसाद ३ : गोव्यात यालाच 'प्रसाद' म्हणतात, 'कौलप्रसाद'ही म्हणतात. तिकडचा माणूस 'देवीचा प्रसाद घेतला' म्हणाला तर त्याने शिरा खाल्ला असं समजू नये. प्रश्न विचारून आला असेल.

प्रतिसाद ४ : शब्द मूळचा अरबी, अर्थ बोल किंवा वचन. जुन्या कागदांत सरकार रयतेला कौल देतं, त्याचा कागद तो कौलनामा. देणारा वरचा, घेणारा खालचा. देवळातली रचना तीच राहिली. छपरावरचं कौल मात्र नपुंसकलिंगी : ते कौल, ती कौलं. त्यामुळे 'कौल लावला' देवळात आणि 'कौलं लावली' घरावर, यात गोंधळ व्हायचं कारण नाही.

प्रतिसाद ५ : 'अवसर' आणि कौल एक करू नका. अवसरात देव माणसाच्या अंगात येऊन बोलतो, तिथे सविस्तर उत्तर मिळतं, उलट प्रश्नही येतो. कौल फक्त हो किंवा नाही. तरीही त्यावर गाव हलतं : आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कौलानेच ठरते. आचऱ्याच्या गावपळणीत, म्हणजे सगळं गाव घरं सोडून बाहेर राहायला जातं तेव्हा, तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर काढल्यावर ग्रामदैवत रामेश्वराला पुन्हा कौल लावतात. उजवा झाला तरच लोक घरी परततात, नाहीतर मुक्काम वाढतो. वाक्यात 'कौल झाला' हेही बरोबर, 'उजवा झाला' एवढंही पुरतं.

प्रश्नकर्ता : मग 'मतदारांनी कौल लावला' ही बातमीतली ओळ?

प्रतिसाद १ : चूक. मतदार कौल देतात, उमेदवार मागतात. 'नाणेफेकीचा कौल अमक्यांच्या बाजूने लागला' हे चालतं, कारण तिथे 'लागणे' आहे, 'लावणे' नव्हे.