मदत हवी आहे : धरणे ‘देतात’ की ‘धरतात’?

कापसाच्या भावासाठी चोपडा तहसीलसमोर ११ ते ५ बसायचंय. निवेदन एका शब्दावर अडलंय. ‘धरणे देणार’ ही सरळ हिंदीची नक्कल, मराठीत धरणे धरतात. मूळ प्रकार धनकोचा : पैसे फिटेपर्यंत ऋणकोच्या दारात उपाशी बसायचं. १८६०च्या दंड संहितेत, कलम ५०८खाली, दैवी कोपाची भीती घालायला दारात धरणं धरण्याचं उदाहरणच दिलं होतं! ‘ठिय्या’ लिहिलं तर मागणी मान्य होईपर्यंत हलणार नाही असा अर्थ निघतो, मग ५ वाजता उठलो की हसं. मोर्चा तर चालत जातो.

तर ‘एक दिवसाचे धरणे’ चालेल ना? आणि अहिराणी पत्रकात याला कोणतं क्रियापद लावता? अमळनेर-शिरपूरकडच्यांनी बोलीतलं अख्खं वाक्यच लिहून द्या.