फोन ‘ठेवला’ की ‘कट केला’?

काल बहिणीशी वाजलं ते एका क्रियापदावरून. मी म्हटलं, "तू माझा फोन कट केलास." ती म्हणे, "कट नाही केला, ठेवला." बोट दोन्ही वेळा त्याच लाल बटणावर पडतं. मग फरक कशात आहे? आणि जाता जाता, नोटिफिकेशनला ‘सूचना’ म्हणणं कुणाच्या तोंडात बसलंय का?

– फरक मर्जीचा. ठेवताना दोघांची लागते. ‘ठेवू का?’, ‘हं, ठेव’, ‘बरं, ठेवते मग’, आणि तिथून पुढे दहा मिनिटं नवाच विषय. समोरचा बोलत असताना बंद केला तर तो कट केला. रेंज गेली तर कट झाला. ‘केला’च्या जागी ‘झाला’ म्हणून कितीतरी भांडणं टळली असतील! बहिणीला तेवढं सुचायला हवं होतं.

– मर्जीचं पटत नाही. ‘बोलता बोलता फोन ठेवून दिला’ यात कुणाची मर्जी विचारली? ‘ठेवला’ साधा, ‘ठेवून दिला’ फणकाऱ्याचा. मला तर ‘कट केला’पेक्षा ‘ठेवून दिला’ जास्त लागतं. उचलणं, ठेवणं, आपटणं ही सगळी रिसीव्हरच्या काळातली क्रियापदं. रिसीव्हर गेला, त्याच्याबरोबर आपटण्याची सोयही गेली. उचलणं-ठेवणं मात्र टिकलं, आणि नंबर ‘फिरवणारे’ अजून आमच्या घरात दोघे आहेत.

– लावणं-लागणं विसरू नका. ‘लावला, पण लागला नाही’ या चार शब्दांत माझा प्रयत्न आला आणि माझा दोष नाही हेही आलं. ‘केला होता, उचलला नाहीस’ म्हटलं की दोष सरळ तुमच्याकडे. आणि मिस्ड कॉल! इंग्रजीत तो घेणाऱ्याकडून चुकतो. आपल्याकडे तो ‘देतात’, नाहीतर ‘मारतात’, तोही ठरवून. ‘खाली आलास की मिस्कॉल दे’ असं सांगितल्यावर जो उचलतो त्याला काय म्हणावं? पैसे वाचवायला निघालेली युक्ती, पण फुकट कॉलच्या दिवसांतही चालूच आहे.

– ‘सूचना’बद्दल. सूचना केली म्हणजे सुचवलं, सूचना दिली म्हणजे बजावलं. त्यामुळे ‘12 नवीन सूचना’ वाचलं की साहेबांनी बारा कामं लावल्यासारखं वाटतं. ‘इशारा’ अलर्टला चपखल आहे, पण वादळाच्या किंवा पुराच्या. कुणीतरी फोटोला अंगठा दाखवला, त्याचा कसला इशारा? माझ्या मते जुना ‘वर्दी’ शब्द हवा. कोण आलंय, काय आलंय हे आत जाऊन सांगणं म्हणजे वर्दी देणं. फोन दिवसभर दुसरं काय करतो?

– वर्दी म्हटलं की आता खाकी गणवेशच डोळ्यांपुढे येतो, तो हिंदीचा प्रताप. शब्द सुरेख आहे, पण ‘वर्दी बंद कर’ असं मी मुलाला सांगितलं तर तो माझ्याकडे बघत बसेल. ‘त्याचा आवाज बंद कर’ म्हणते, त्याला कळतं.

– मूळ प्रश्न माझाच. वर्दी आवडली, वापरून बघतो. बहिणीला ही चर्चा वाचून दाखवली. ‘ठेवून दिला’ एवढं तिला कबूल आहे, ‘कट केला’ अजूनही नाही.