भाची पायलट व्हायचं म्हणतीये, पण तब्येतीचं कोण बोलतच नाही

उजळाईवाडीचा मामा:
भाची बारावीत आहे आणि पायलट व्हायचं एवढंच धरून बसलीय. दाजी प्लॉट विकायच्या तयारीत, कारण सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलटचं लायसन्स, आणि टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक विमान चालवायचं वेगळं ट्रेनिंग, मिळून पाऊण कोटीच्या आसपास जातंय सगळं. एका अकॅडमीच्या सेमिनारला गेलो तर तिथं पगार सांगितला, गणवेश दाखवला, पण तीस-पस्तीस वर्षं हे काम करून शरीराचं काय होतं म्हणून विचारलं तर समोरचा पोरगा नुसता हसला. मग मीच वाचत बसलो. ३५ हजार फुटांवर अंतराळातनं येणारं रेडिएशन जमिनीपेक्षा कितीतरी जास्त, आणि आयसीआरपी म्हणून रेडिएशनचे नियम सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे तिनं १९९० सालीच सांगितलंय की जेट विमानातल्या क्रूला हे कामामुळं लागणारं रेडिएशन म्हणून धरा. आपल्याकडं एक्स-रे काढणाऱ्याच्या खिशाला रेडिएशन मोजणारा बॅज असतो, पायलटच्या खिशाला पेन. २०१५ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब लावला तर पायलट आणि केबिन क्रूमध्ये मेलानोमा, म्हणजे त्वचेचा वाईट कॅन्सर, इतरांच्या साधारण दुप्पट निघाला. वर रात्रपाळी आहेच, तिला आयएआरसीनं, म्हणजे कॅन्सर कशानं होतो ते तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, २००७ मध्ये २ए गटात टाकलंय, बहुधा कॅन्सर करणारी म्हणून, २०१९ ला परत तेच. माझं स्पष्ट मत, एवढा पगार उगाच देत नाहीत, त्यातला बराच पुढं दवाखान्यात जायचा. खोडायचं असेल त्यानं खोडा, पण आकडे घेऊन या.

शिरोली फौंड्री:
मामा राग मानू नका पण हे दुखणं लई वरच्या लोकांचं आहे. आमच्या एमआयडीसीत या, मोल्ड फोडतात तिथं एक शिफ्ट उभं राहून बघा, वाळूची धूळ छातीत बसून सिलिकोसिस होतो आणि एकदा झाला की तो माघारी फिरत नाही. इचलकरंजीत लूमवर माणसांचे कान गेलेत, कोण तपासतंय? पायलटचं दरवर्षी मेडिकल, ईसीजी, रक्त, डोळे, कान सगळं. आकडे पाहिजेत ना, घ्या. दहा देशांतल्या ९३,७७१ क्रूचा अभ्यास २०१४ ला छापून आलाय, त्यात हे लोक सर्वसाधारण माणसापेक्षा कमी मरतात असं निघालं, कॉकपिटमधले पुरुष तर रेडिएशनशी जोडलेल्या कॅन्सरनं पण कमी. धंदा एवढा वाईट असता तर असं दिसलं असतं का सांगा.

उजळाईवाडीचा मामा:
तोच अभ्यास पुढं वाचा की भावा. कॉकपिट क्रूत मेलानोमाचे मृत्यू जास्तच निघालेत त्यात. आणि भरती करतानाच निवडून निरोगी माणूस घ्यायचा, दरवर्षी तपासून जरा बिघडला की बाजूला काढायचा आणि मग म्हणायचं बघा कशी ठणठणीत आहेत. गंगावेस तालमीतल्या पोरांची तब्येत बघून कोल्हापुरात कुणाला दमा नाही म्हणण्यातला प्रकार झाला हा.

केएमटीचा पास:
त्याच २ए गटात २०१५ पासनं रेड मीट पण हाय, आपलं बकऱ्याचं मटण त्यातच येतंय. काढा धागा, तांबडा-पांढरा बंद करा म्हणून, बघू कोण लाइक देतंय 😄

डॉ. ताराबाई पार्क:
वरचा विनोद चांगला आहे पण त्यातच मुद्दा आहे. ती यादी पुरावा किती पक्का ते सांगते, धोका किती मोठा ते नाही, त्यामुळे २ए ऐकून घाबरायचंही नाही आणि हसण्यावारीही न्यायचं नाही.

मामा, रेडिएशनचं तुम्ही जरा जास्तच ताणलंय. क्रूला वर्षाला साधारण २ ते ५ मिलिसिव्हर्ट (रेडिएशनचं माप) मिळतं, कामगारांसाठी मर्यादा सरासरी २० ची आहे, आणि काहीही न करता घरी बसलेल्या माणसाला जगात सरासरी २.४ मिळतंच. केरळात करुणागपल्लीच्या किनाऱ्यावर वाळूतल्या थोरियममुळे काही घरांत वर्षाला १० च्या वर जातं, तिथल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं तरी कॅन्सर वाढलेला सापडला नाही. शिवाय पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताकडे जास्त अडवतं, म्हणजे भारतातल्या भारतात उडणाऱ्याला दिल्लीहून ध्रुवाजवळनं अमेरिकेला जाणाऱ्यापेक्षा बरंच कमी. शून्य नाही, कमी.

मेलानोमाचे ते अभ्यास बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांवरचे आहेत. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी कॉकपिटच्या काचेतनं यूव्हीबी जवळपास येत नाही पण यूव्हीए थोडंफार येतं हे खरं, आणि तिकडचे क्रू सुट्टीत बीचवर पडून असतात तो भाग वेगळाच. आपल्या लोकांत मेलानोमा मुळातच दुर्मिळ. ते दुप्पट जसंच्या तसं भाचीला लावू नका. मला काळजी वाटते ती झोपेची. बीपी, वजन, साखर हे सगळं तिथनंच सुरू होतं, आणि हे कुठल्याही कॅन्सरच्या यादीत दिसत नाही.

हैदराबाद बेस:
मी मूळचा कळंब्याचा, एटीआरवर, म्हणजे पंखेवाल्या छोट्या टर्बोप्रॉप विमानावर, फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

एटीआर २५ हजार फुटांच्या वर जातच नाही, उजळाईवाडीला, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, येताना तर आम्ही त्याच्याही बरेच खाली असतो, त्यामुळे रेडिएशनचा विषय आमच्यात चहाला पण निघत नाही. निघतो तो पाठीचा, कारण दिवसात चार-चार सेक्टर, म्हणजे उड्डाणं, त्याच सीटवर बेल्ट लावून, आणि टर्बोप्रॉपच्या आवाजाचा, चांगला हेडसेट स्वतःच्या पैशानं घ्या असं सिनियर पहिल्याच महिन्यात सांगतात. मोठ्या जेटमध्ये आतली हवा ८ हजार फुटांवरच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ असते, दमटपणा २० टक्क्यांच्या खाली, डोळे चरचरतात, पाणी प्यायलं नाही तर मुतखडा, आणि पाणी प्यायलं तर सारखं उठता येत नाही, करा काय करायचं ते.

पण खरं जे खातं ते रात्री २ ते ६. त्या वेळेला मेंदू झोपायलाच बघतो, कितीही सवय झाली म्हणा. डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्यानं, २०२४ च्या जानेवारीत ड्युटीचे नियम बदलले, आठवड्याची सुट्टी ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग ६ वरून २. कंपन्यांनी ताणून धरलं, कोर्टात गेलं, शेवटी २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबरमध्ये दोन टप्प्यांत लागू झालं आणि डिसेंबरात इंडिगोची फ्लाइट कशी धडाधड रद्द झाली ते सगळ्यांनी बघितलं. मग रात्रीच्या नियमातनं तात्पुरती सूट. म्हणजे आराम द्यायचा म्हटलं की माणसंच कमी पडतात, यावरनं ओळखा आधी कसं चाललेलं.

शिरोली फौंड्री:
आठवड्याला ४८ तास सुट्टी! हे ऐकून आमच्यातला फर्नेसवाला हसून पडायचा. रात्रीची मुंबई गाडी मारणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरला हे नियम कोण लावणार? पायलट दमला की टीव्हीवर बातमी येते, बाकीचे दमले की काय येतं?

हैदराबाद बेस:
दादा, तुमचं दुखणं मोठं आहे म्हणून माझं खोटं होत नाही. ट्रॅव्हल्सवाल्यालाही लावा की नियम, मी कुठं नको म्हणतोय.

आणि ते दरवर्षीचं मेडिकल तुम्ही फायदा म्हणून सांगितलं ना, आमच्यासाठी तीच सगळ्यात मोठी भीती आहे. बीपी जास्त निघालं, शुगर निघाली की तात्पुरते अनफिट, आणि कर्जाचा हप्ता काही तात्पुरता थांबत नाही. म्हणून लोक सांगतच नाहीत. मेडिकलच्या आधी महिनाभर मीठ बंद, चालणं सुरू, पास झालं की परत ये रे माझ्या मागल्या. मनाचं तर विचारूच नका. २०१६ मध्ये एक निनावी सर्व्हे छापून आला, त्यात डिप्रेशनच्या प्रश्नांची उत्तरं दिलेल्या पायलटांपैकी १२.६ टक्के त्या रेषेत बसले. नाव लिहायचं नव्हतं म्हणून तेवढे तरी बोलले. जर्मनविंग्जच्या को-पायलटनं मनाच्या आजाराच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या लपवल्या आणि २०१५ मध्ये विमान मुद्दाम डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली, तेव्हापासनं तपासणी कडक करा असं सगळे म्हणतात, पण जेवढी कडक कराल तेवढं लोक जास्त लपवतात हे कुणी ऐकत नाही.

डॉ. ताराबाई पार्क:
याच्याशी शंभर टक्के सहमत नाही. लपवतात म्हणून तपासणी ढिली करायची का? मागं दोनशे माणसं बसलेली असतात. सांगितल्यावर पगार बंद होणार नाही एवढी सोय केली तर माणूस आपोआप बोलेल, तपासणी आहे तशी राहू दे.

हैदराबाद बेस:
मॅडम, ती सोय कोण करणार हाच तर प्रश्न आहे. लॉस ऑफ लायसन्सचा, म्हणजे तब्येतीमुळं लायसन्स गेलं तर पैसे देणारा, विमा असतो, पण मनाच्या आजाराला तो किती लागू होतो ते पॉलिसी उघडून बारीक अक्षरात वाचा.

उजळाईवाडीचा मामा:
आणि ते इंजिनातनं केबिनमध्ये हवा येते, तेलाची वाफ नाकात जाते म्हणतात, त्याचं काय?

हैदराबाद बेस:
हवा येते हे खरं, बहुतेक विमानांत इंजिनच्या कॉम्प्रेसरमधनंच घेतात, बोइंग ७८७ मध्ये तेवढी तशी नाही. सील गळालं की घाणेरड्या मोज्यांसारखा वास येतो. त्यानं कायमचं नुकसान होतं का यावर शास्त्रज्ञांचंच भांडण चाललंय, त्याच्यात मी पडत नाही. मामा, तुम्ही एक करा, प्लॉटला हात लावायच्या आधी भाचीचं क्लास टू (शिकायला लागणारं) आणि क्लास वन (कमर्शियल लायसन्सला लागणारं) दोन्ही मेडिकल करून घ्या. बरेच जण फी भरून बसतात आणि मग डोळ्याचं किंवा कानाचं काहीतरी निघतं.

शिरोली फौंड्री:
हे मात्र कामाचं सांगितलंसा. बाकी माझं मत हाय तिथंच हाय, पोरगीला जाऊ द्या, चाळिशीत छाती जाण्यापेक्षा साठीला पाठ दुखलेली परवडली.

उजळाईवाडीचा मामा:
पाठीचं कोण म्हणतंय, झोप आणि ते लपवणं, त्याचं बोला ना. दाजींना आत्ताच फोन लावला, प्लॉटचं महिनाभर थांबा म्हटलं तर माझ्यावरच उखडले. क्लास टू करणाऱ्या डॉक्टरांची यादी कुठं मिळेल?

हैदराबाद बेस:
डीजीसीएच्या साइटवर. क्लास वन ठरावीक सेंटरलाच होतं, तारीख मिळायला वेळ लागतो, आत्ताच नंबर लावून ठेवा.