मदत हवी आहे: ॲसिट्रॉम चालू असताना व्हिटॅमिन के२?

सासूबाई ६८ वर्षांच्या, सिंहगड रोडला आमच्याकडेच असतात. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी (संधिवाताचा एक प्रकार) आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, सोबत फॉलिक ॲसिड. शिवाय हृदयाची झडप बदललेली, म्हणून रोज ॲसिट्रॉम, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारी गोळी. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये हवा, गेल्या वेळी १.६ आला. तेव्हा घरात मेथी-पालक जरा जास्तच झाली होती, आणि त्यात व्हिटॅमिन के भरपूर. आता भाजी रोज साधारण तेवढीच ठेवतो.

एका नातेवाइकांनी संधिवातावर म्हणून के२ च्या, त्यातल्या एमके-७ या प्रकारच्या गोळ्या आणून दिल्यात. सूज उतरते म्हणे! पण व्हिटॅमिन के ॲसिट्रॉमच्या थेट उलट काम करतं, आणि एमके-७ शरीरात बरेच दिवस टिकतं. म्हणून बाटली मी वरच्या फळीवर ठेवलीय. सासूबाई रोज मागतात. हृदयाचे डॉक्टर म्हणतात संधिवातवाल्यांना विचारा, ते म्हणतात हृदयवाल्यांना.

लेप-काढे कृपया सुचवू नका, ॲसिट्रॉमवर तेही जपूनच. पुण्यात ॲसिट्रॉम चालू असताना कुणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली के२ घेतलंय का? आयएनआर किती दिवसांनी तपासायचे, आणि शेवटचा निर्णय कुणी दिला: हृदयाच्या, संधिवाताच्या की रक्तविकारांच्या डॉक्टरांनी?