केंब्रिजचं नाकतोड्याचं घड्याळ : बाबांना न्यायचंय

रानजाई :
पुढच्या आठवड्यात बाबांना घेऊन लंडनहून एका दिवसासाठी केंब्रिजला जातेय. नाशिकला त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, चाळीस वर्षं. कॉर्पस क्रिस्टी कॉलेजचं ते नाकतोडा बसवलेलं घड्याळ त्यांना बघायचंय. तिकीट लागतं का? गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही. कधी गेलेलं बरं?

कॅमकाठी :
तिकीट नाही. बेनेट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, टेलर लायब्ररीच्या भिंतीत आहे, रस्त्यावरूनच दिसतं. स्टेशनवरून बसने या, बाबांना चालवू नका. दिवसा काचेत समोरचा रस्ताच जास्त दिसतो. तिन्हीसांजेला निळे दिवे छान उठतात. ऑक्टोबरात साडेसहापर्यंत अंधारून येतं.

काटे नाहीत. आतल्या वर्तुळात तास, मधल्यात मिनिटं, बाहेरच्यात सेकंद. तास भरेपर्यंत थांबाच! टोले पडत नाहीत, मागे लाकडी शवपेटीत साखळी पडल्याचा आवाज येतो.

आणि बाबांना एक आधीच सांगून ठेवा. हे घड्याळ मुद्दाम चुकतं. लंबक मधेच अडखळतो, दिवे मागे राहतात, मग धावत सुटतात. अचूक वेळ दर पाच मिनिटांनी एकदाच. नाहीतर जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला ते बिघडलेलंच वाटायचं.

दातेरी :
बाबांना इंग्लिश घड्याळजी जॉन हॅरिसनचं नाव नक्की सांगा. अठराव्या शतकात त्याने केलेल्या एस्केपमेंटचे (चाक एकेक दात अडवत-सोडत पुढे नेणाऱ्या यंत्रणेचे) भाग नाकतोड्याच्या पायांसारखे हलतात, म्हणून तिला नावही तेच पडलं. एरवी हा भाग घड्याळाच्या पोटात दडलेला असतो. हे घड्याळ घडवणाऱ्या जॉन टेलर यांनी तो मोठा करून दीड मीटरच्या सोनेरी तबकडीच्या माथ्यावर उघड्यावर बसवला. 2008 साली स्टीफन हॉकिंगच्या हस्ते अनावरण झालं. त्या प्राण्याचं नाव क्रोनोफेज, काळ खाणारा. पण तो नुसता शोभेचा नाही, खरोखर चाक अडवतो आणि सोडतो.

रानजाई :
जाऊन आलो. दोघांचे मनापासून आभार!

लोक त्याच्या जबड्याचे फोटो काढत होते. बाबा मात्र नखं कुठल्या दातावर पडतात तेवढंच बघत होते. गाडीतच त्यांनी आपलं एचएमटी स्टेशनच्या वेळेला लावून घेतलं होतं. पाच मिनिटांनी दिवे जुळले की दर वेळी मनगट माझ्यासमोर धरायचे. गुडघ्यांचं नावही काढलं नाही. सातची साखळी पडली तेव्हा दचकून माझा हात धरला. मग म्हणाले, "आठचीही ऐकू."

ठरलेली गाडी सोडली. नंतरची पकडली.