मोठा भूकंप झाला तर पाहणीला येणाऱ्या सगळ्या पथकांच्या नोंदी कराडात एकत्र कराव्यात का?

पाटणचा मास्तर
११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनानगरचा भूकंप झाला तेव्हा आमच्या खळ्याला भेग पडली. आजी सांगायची, कोपरापर्यंत हात आत जायचा. आजोबांनी आठवड्याभरात मुरूम टाकून बुजवली, वरून सारवून घेतलं. किती लांब होती, कुठली बाजू खचली, कुणी लिहून ठेवलं नाही. धरणातल्या यंत्राने हादरा टिपला, ती नोंद मात्र आजही जगभर अभ्यासतात.

जमिनीवरच्या खुणा टिकत नाहीत. दरड हटवतात, विहिरीचं पाणी पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणून येणाऱ्या सगळ्या पथकांसाठी एकच ठिकाण हवं. कॅलिफोर्नियात १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर अशी सोय झाली: दिवसभर फिरलेली पथकं संध्याकाळी एकत्र बसतात, काय दिसलं ते सांगतात, उद्या कोण कुठे जाणार ते ठरवतात. कराडला कोयना परिसरातल्या खोल विंधन विवरांवर काम करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहेच.

वारणाकाठ, शिराळा
मास्तर, मला हे पटत नाही. पहिले दिवस माणसं काढायचे. १९९३ ला किल्लारीत दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. तिथे ढिगारा उपसणाऱ्याला कोण म्हणणार, थांबा, माप घेऊ द्या?
२०१९ च्या पुरात पडलेल्या एकाच भिंतीची माहिती माझ्या आईने तीन पथकांना दिली. तिसऱ्या वेळी ती बोललीच नाही, नुसतं भिंतीकडे बोट केलं. आता त्यात आणखी एक कचेरी?

मिरजेची सिव्हिल इंजिनियर
ती तीन पथकं संध्याकाळी एका टेबलाशी बसली असती तर आईंना एकदाच सांगावं लागलं असतं. माझी हरकत वेगळी आहे. कच्च्या नोंदी सगळ्यांना खुल्या नकोत. ६७ साली धरणाला तडे गेले ते मागच्या अंगाचा उतार जिथे बदलतो त्या पातळीला. ते नेमकं कळलं म्हणून मागून टेकू देऊन धरण मजबूत करता आलं. पण अर्धवट माहितीत 'धरण' आणि 'तडा' हे शब्द शेजारी आले की रात्रीत सांगलीपर्यंत नदीकाठ गाव सोडेल.

पाटणचा मास्तर
ताई, लपवलं तर अफवा दुप्पट पळते. आम्ही शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, काठची माणसं बारीक धक्क्यांत वाढलो, खरं ऐकायची आम्हाला सवय आहे. रोज संध्याकाळी जबाबदार माणसाने आज काय तपासलं आणि काय तपासायचं राहिलं, एवढं बोलावं.
वारणाकाठ, ढिगाऱ्यापाशी कुणी जाऊच नये, हे मान्य. पण भेगा रानात असतात, घाटात असतात. बाहेरची पथकं पोचेपर्यंत शाळेतला शिक्षक किंवा कोतवाल शेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढू शकतो, म्हणजे रुंदी कळते.

वारणाकाठ, शिराळा
काडेपेटीचं पटलं. कचेरीचं अजून नाही. लोकांना एकदाच विचारायचं आणि लिहिलेलं ग्रामपंचायतीत वाचून दाखवायचं, हे आधी कागदावर आणा.

पाटणचा मास्तर
आणतो. आणि रविवारी चुलत्यांना घेऊन खळ्यावर जातोय. भेग कुठून कुठे गेली होती ते त्यांना आठवतंय. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून जागा मोबाईलवर नोंदवून ठेवतो.