दार्जिलिंगमध्ये पाच मुक्काम: वयस्कर आई-वडिलांसोबत काय पाहावे?

घाटमाथा यांचा प्रश्न:

नमस्कार. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन दार्जिलिंगला जाण्याचे ठरवले आहे. मुंबईहून विमानाने बागडोगरा आणि तेथून मोटारीने वर असा बेत असून शहरात पाच मुक्काम आहेत. वडील ७६ वर्षांचे असले तरी त्यांना चालण्याची हौस आहे. आईचे गुडघे मात्र दुखतात आणि चढण आली की ती थांबते. चौकशी केली तेव्हा प्रत्येकाने ‘थ्री पॉइंट’, ‘सेव्हन पॉइंट’ अशा ठरावीक फेऱ्यांचेच दर सांगितले. महाबळेश्वरला आम्ही असेच दिवसभर गाडीतून उतरत आणि गाडीत चढत राहिलो होतो, आणि रात्री जेवताना नेमके काय पाहिले हे कोणालाच सांगता येईना; त्यामुळे पॉइंट या शब्दाचीच मला धास्ती आहे. टायगर हिलचा सूर्योदय खरोखर चुकवू नये असा आहे का? टॉय ट्रेनने न्यू जलपायगुडीपासून जावे, की वर पोहोचल्यावर छोटी फेरी करावी?

शेवंती यांचे उत्तर:

आपल्या बाबतीत काय पाहावे यापेक्षा कोठे उतरावे हा प्रश्न आधीचा आहे. दार्जिलिंग हे डोंगराच्या उतारावर मजल्यांसारखे रचलेले शहर आहे. रेल्वे स्थानक आणि मोटार स्टँड खाली, तर चौरस्ता हा शहराचा मुख्य चौक वरच्या अंगाला. स्वस्त म्हणून स्थानकाजवळ खोली घेतली, तर फिरायला निघताना रोज तीच खडी चढण वाट्याला येते, आणि आईंचे पाच दिवस खिडकीत बसण्यात जातील. त्यामुळे चौरस्त्यापासून सपाट वाटेने पोहोचता येईल असेच ठिकाण निवडा. चौरस्त्यावर वाहने येत नाहीत, परंतु कपाळावरच्या नाम्लो नावाच्या पट्ट्याने सामान वाहून नेणारे हमाल मिळतात. त्यांच्याशी मजुरी आधी ठरवावी आणि फार घासाघीस करू नये, असे मला वाटते.

चौरस्त्यापासून ऑब्झर्व्हेटरी हिलला वळसा घालणारा रस्ता बराचसा सपाट आहे, आणि हवा स्वच्छ असेल तर तेथूनच कांचनजंगा दिसते. आई बाकावर बसल्या असताना वडिलांना टेकडीवरच्या महाकाल मंदिरात जाता येईल. तेथे हिंदू पुजारी आणि बौद्ध लामा एकाच ठिकाणी पूजा करतात. पूर्वी येथे दोर्जे लिंग नावाचा मठ होता आणि शहराचे नावही त्यावरूनच आले. माकडांपासून मात्र चष्मा जपावा.

पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय आणि हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट एकाच आवारात असल्यामुळे त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. रेड पांडा आणि हिमबिबट्या यांच्या प्रजननासाठी हे संग्रहालय ओळखले जाते. एव्हरेस्टच्या पहिल्या यशस्वी चढाईनंतर १९५४ मध्ये सुरू झालेल्या इन्स्टिट्यूटमध्ये तेनझिंग नोर्गे यांनी अनेक वर्षे गिर्यारोहण शिकवले आणि त्यांचे अंत्यसंस्कारही याच आवारात झाले. फाटकापासून आत चढ आहे, तो आईंनी सावकाश चढावा.

जुनी वही यांचे उत्तर:

टायगर हिलबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. पहिल्या खेपेस आम्ही पहाटे साडेतीनला उठून गेलो आणि ढगाखेरीज काहीही दिसले नाही. दुसऱ्या खेपेस, नोव्हेंबरमध्येच, ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा शिखर आधी राखाडी, मग गुलाबी आणि मग एकाएकी पिवळे होताना पाहिले, आणि आधीची झोपमोड विसरून गेलो. त्या दिवशी एव्हरेस्टही दिसले. परंतु ते इतके दूर आहे की जवळचे मकालू शिखर त्याच्यापेक्षा उंच वाटते आणि लोक त्यालाच एव्हरेस्ट समजून छायाचित्रे काढतात. म्हणून ही सहल आधीपासून ठरवून ठेवू नये. रात्री झोपण्यापूर्वी आकाशात चांदण्या स्पष्ट दिसत असतील तरच गाडी सांगावी, आणि आईंना थंडी व गर्दी सोसणार नसेल तर वडिलांनी एकट्यानेच जावे.

आता गाडीविषयी. न्यू जलपायगुडी ते दार्जिलिंग हे सुमारे ८८ किलोमीटरचे अंतर कापायला टॉय ट्रेनला सात तासांहून अधिक वेळ लागतो. हा मार्ग १८८१ मध्ये पूर्ण झाला आणि १९९९ मध्ये त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. रुळांमधील अंतर आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीइतकेच, म्हणजे दोन फूट आहे. गाडी पुढे-मागे होत इंग्रजी ‘झेड’ अक्षरासारख्या वाटेने डोंगर चढते ती गंमत खालच्या टप्प्यात आहे, आणि दार्जिलिंग ते घूम या फेरीत ती मिळत नाही, हे खरे. तरीही गुडघे दुखणाऱ्या व्यक्तीला सात तास त्या अरुंद डब्यात बसवणे मला योग्य वाटत नाही. दोन तासांची छोटी फेरी घ्या आणि शक्यतो वाफेच्या इंजिनाची घ्या. वाटेत बतासिया लूपवर गाडी थांबते; तेथे गोरखा सैनिकांचे स्मारक आहे. पुढचे घूम हे २,२५८ मीटर उंचीवरचे, भारतातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक. तिकिटे मुंबईतूनच काढून ठेवावीत.

चहाटळ यांचे उत्तर:

चहाविषयी अजून कोणीच लिहिले नाही, याचे आश्चर्य वाटले! शहराच्या लगतच हॅपी व्हॅली हा जुना मळा आहे. नोव्हेंबरमध्ये हंगामाची शेवटची खुडणी चालू असते आणि त्यानंतर झाडे थंडीभर विश्रांती घेतात. म्हणून कारखाना चालू आहे का, हे आदल्या दिवशी विचारून मगच जा. पाने कोमेजवणे, वळणे, हवेत तांबूस होऊ देणे आणि वाळवणे या क्रियांचे वास एकापाठोपाठ एक घेतले की दोन पुड्यांच्या किमतीत एवढा फरक का, हे आपोआप कळते. फर्स्ट फ्लश, म्हणजे वर्षातल्या पहिल्या खुडणीचा चहा, वसंतातला असतो, तेव्हा नोव्हेंबरमध्ये तो ‘अगदी ताजा’ म्हणून कोणी देऊ लागला तर नम्रपणे नकार द्यावा. घरी आणलेला हा चहा दूध, साखर, आले घालून उकळू नये, एवढीच कळकळीची विनंती. माझ्या सासूबाईंनी तसा उकळला होता आणि मी काही बोलू शकलो नाही.

वडिलांना इतिहासाची आवड असेल तर रॉय व्हिला अवश्य दाखवा. भगिनी निवेदितांचे १३ ऑक्टोबर १९११ रोजी याच घरात निधन झाले आणि आता तेथे रामकृष्ण मिशनचे केंद्र आहे.

घाटमाथा यांचे उत्तर:

सर्वांचे आभार. चौरस्त्याजवळची खोली पक्की केली असून घूमच्या फेरीची तिकिटेही काढली आहेत. प्राणिसंग्रहालयासाठी गुरुवारची सकाळ ठेवली आहे.

शेवंती यांचे उत्तर:

तो वार तेवढा बदला, गुरुवारी प्राणिसंग्रहालय बंद असते. आणि एक गोष्ट सांगायची राहिली: तेथे नोव्हेंबरमध्ये साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो आणि लगेच कडाक्याची थंडी पडते, त्यामुळे दुपारी जेवून निवांत निघण्याची मुंबईची सवय तेवढे दिवस बाजूला ठेवावी लागेल.